वरचा चतकोर

मी एक जुनी पत्र्याची पट्टी आहे, थोडीशी वाकडी, आणि पुढे काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: मी मुद्दाम वाकडी आहे. मला हातात घेणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो, "ही चुकून वाकडी कापली गेलीय वाटतं." मित्रांनो, पहिल्याच भेटीत तुमच्याबद्दल कोणी असं बोललं तर तुम्हाला कसं वाटेल?

माझा आकार तुमच्या तळहाताएवढा. मधोमध टपालाच्या तिकिटाएवढी एक खिडकी. चित्रपट लांबलचक फितीवर छापलेले असत त्या काळापासून मी आहे. प्रोजेक्टरच्या पोटात, दिव्याच्या समोर, फितीला अगदी खेटून मला सरकवतात. फितीवर चित्राच्या आजूबाजूला बरंच काही असतं जे कुणाला दाखवायचं नसतं: दातेरी चाकांसाठीची भोकं, आवाजाची रेघ, एका चित्राच्या खाली डोकावणारं दुसरं चित्र. ते सगळं मी झाकते आणि दाखवायचं तेवढंच पुढे जाऊ देते. प्रोजेक्टर चालवणारे मला अपर्चर प्लेट म्हणतात, घाईत असले की नुसतं प्लेट. पडद्यावर तुम्ही जो चौकोन बघता तो माझ्या खिडकीचा असतो. पण "आज प्लेट काय छान होती!" असं म्हणत घरी गेलेला एकही प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. भिंगाचं कौतुक होतं. दिव्याचं होतं. परवा तर कुणीतरी खुर्च्यांचंही केलं.

कारखान्यातून मी अर्धवटच निघाले. माझी खिडकी मुद्दाम लहान ठेवलेली होती, कारण प्रत्येक हॉल निराळा असतो आणि शेवटचं माप त्या त्या हॉलमध्येच घ्यावं लागतं. माझा हॉल एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. तो बांधणाऱ्याला प्रोजेक्टरच्या केबिनची आठवण सगळ्यात शेवटी झाली असावी. त्यामुळे केबिन मिळाली ती जिन्याच्या डोक्यावर, पडद्यापेक्षा बरीच उंच आणि वर एका बाजूला सरकलेली. तिथून टाकलेला उजेड पडद्यावर तिरका पडतो आणि चित्र एका बाजूला फेंगडं होतं. यावर उपाय एकच, चित्र जेवढं फेंगडं होणार तेवढंच मला उलट बाजूने वाकडं करायचं.

ते काम मामांनी केलं. मामा म्हणजे या हॉलचे ऑपरेटर. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, पण खरे मामा ते एकाच मुलीचे, आणि तिच्याबद्दल मला बरंच सांगायचंय. तेव्हा मामा तरुण होते. बारीक कानस घेऊन ते बसले. मला घासायचं, यंत्रात सरकवायचं, दिवा लावायचा, पडद्याच्या चारही कडा बघायच्या, मी तापलेली असताना चिमट्याने मला बाहेर काढायचं, पुन्हा घासायचं. दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी पडद्यावरचा चौकोन काटकोनात आला तेव्हा मामा माझ्यावर फुंकर मारून म्हणाले, "झालीस बाई एकदाची." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. शेवटचीही तीच ठरेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मग कामाची वर्षं आली. मित्रांनो, तुम्हाला एक गंमत सांगते. फीत यंत्रातून उलटी जाते, डोकं खाली पाय वर, कारण भिंग चित्राला पुन्हा उलटवतं. त्यामुळे मी सगळे चित्रपट उलटे पाहिले. माझ्यासाठी पाऊस जमिनीतून वर जातो आणि माणसं छताला टांगलेल्या रस्त्यांवरून चालतात. मला त्याचं काही वाटत नसे. मामांचं मात्र याहून विचित्र होतं. त्यांनी आयुष्यात एकही चित्रपट पाहिला नाही. म्हणजे रोज केबिनच्या पुढच्या झरोक्यातून ते पडद्याकडेच बघत, पण बघत फक्त कडा. चित्र हलतंय का, कोपरा कापला जातोय का, एका बाजूला उजेड मंद झालाय का. कुणी विचारलं, "मामा, कालचा कसा होता हो?" तर म्हणत, "डावी कड जरा थरथरत होती."

पुढे रुंद चित्रांची फॅशन आली. मी बऱ्यापैकी चौकोनी, उंच चित्रांसाठी कापलेली. मामांनी माझ्यासाठी एक बहीण घासली, बुटकी आणि रुंद. ती यंत्रात बसली ती बसलीच. माझ्या जोडीचं भिंग मखमली पिशवीत घालून, वर पुन्हा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं गेलं. मला टाकलं खणात, खिळे, सुतळी आणि संपलेल्या पेनांच्या संगतीत. माझ्या कोपऱ्याने लोकांनी थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं उघडली. माझ्या कडेने मेणबत्तीचं मेण खरवडलं. एकदा तर मला चमचा म्हणून वापरलं गेलं, आणि त्याबद्दल मी अधिक काही बोलणार नाही.

शेवटी एक दिवस केबिनची मागची, रस्त्याकडची खिडकी खडखडायला लागली. वाऱ्याने तिची झडप चौकटीवर आपटे आणि झरोक्याला काच नसल्यामुळे तो आवाज थेट हॉलच्या शेवटच्या रांगेत पोहोचे. शेवटच्या रांगेत, या हॉलमध्ये खेळ करणाऱ्या फिल्म क्लबचे अध्यक्ष बसत. ते दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या कण्हण्यात काम केलेला माणूस, पण खिडकीची खडखड त्यांना सहन होईना. "मामा, ती खिडकी!" असं त्यांनी ओरडून सांगितलं आणि मामांनी खणात हात घालून जे पहिलं हाताला लागलं ते फटीत खुपसलं. ती मी होते. एक कड फटीत, बाकी सगळी आत आलेली. खडखड थांबली. मामा विसरले. मी तिथेच राहिले.

एक फायदा मात्र झाला. तिथून समोरच्या झरोक्यातून मला पडदा दिसायचा, आणि तोही सुलटा.

दरम्यान मामांचे गुडघे दुखायला लागले आणि जिना चढणं अवघड झालं. यंत्र त्यांच्या भाचीकडे आलं. ती विज्ञान शाखेची पदवीधर. दिवसा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी क्लबचा प्रोजेक्टर चालवायची. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. यंत्राचा आवाज बदलला की ती झाकण उघडून आत डोकं घाली. पण फीत जिथून जाते त्या भागाला तिने हात लावला नव्हता, कारण पहिल्याच दिवशी मामांनी बजावलं होतं, "तिथलं सगळं जुळवलेलं आहे, काही काढू नकोस." आणि प्लेटा दोन आहेत, हे सांगायचं मात्र ते विसरले. आता काय बोलायचं!

यंदा अध्यक्षांनी ठरवलं की प्रोजेक्टर मोडीत काढायचा, एक छोटा डिजिटल डबा आणायचा आणि केबिनमध्ये जास्तीच्या खुर्च्या ठेवायच्या. भाची समितीशी भांडली. चांगलीच भांडली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. एक चित्रपट तू निवड. फितीवरचा. शनिवारी सभासदांना दाखव, रविवारी सगळ्यांना. लोक खूश झाले तर केबिन राहील. नाहीतर खुर्च्या."

तिने एक ब्रिटिश चित्रपट निवडला. फार गाजलेला नाही, पण जाणकार त्याच्याबद्दल प्रेमाने बोलतात असा. तो तिने स्वतः पाहिलेला नव्हता. परदेशात शिकणाऱ्या तिच्या मोठ्या भावाने पाहिला होता आणि फोनवर सांगितलं होतं, "हसून हसून पुरेवाट झाली. मी काही सांगत नाही, तूच बघ." त्या एका वाक्यावर तिने केबिन पणाला लावली.

शनिवार आला. फीत सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला ओरडा झाला, "अक्षरं! अक्षरं कापली जातायत!" चित्रपट इंग्रजी, खाली आपल्या भाषेत संवाद लिहिलेले, आणि ते पडद्याच्या खाली गायब होत होते. भाचीने चित्र वर-खाली करायचं बटण फिरवलं आणि सगळं चित्र वर सरकवलं. अक्षरं दिसायला लागली. लोक शांत झाले. मी मात्र फटीत बसून कपाळ शोधत होते, हात मारून घ्यायला. अगं, हा उंच चित्रपट! तुझ्या यंत्रात रुंद प्लेट! आधी वरून थोडं आणि खालून थोडं कापलं जात होतं, आता खालचं वाचवलंस आणि सगळी कात्री वरच्या बाजूला लागली. चित्राचा वरचा चतकोर गेला! पण पत्र्याच्या पट्टीचं कोण ऐकतं? चित्रपटाचं नावसुद्धा पडद्याच्या वरच्या भागात होतं. त्यामुळे तेही कुणाला दिसलं नाही.

तरीही मित्रांनो, जे दिसत होतं ते सुंदर होतं. समुद्रकिनाऱ्यावरचं एक घर, दोन प्रौढ बहिणी तिथे पाहुणे ठेवतात. प्रत्येक खोलीला एकच रंग. जेवणाची खोली हिरवी: भिंती हिरव्या, टेबलावरचं कापड हिरवं, बहिणींचे कपडे हिरवे, सूपही हिरवं. कॅमेरा जागचा हलत नाही. टेबलाच्या दोन बाजूंना दोन-दोन पाहुणे, आरशात बघावेत असे सारखे. ते अतिशय सभ्यपणे हवेबद्दल बोलतात. वरून त्यांच्या सूपमध्ये पांढरी भुकटी पडते. ते ती चमच्याने बाजूला करतात आणि जेवत राहतात. एकजण तर टेबलावरच छत्री उघडून बसतो. मोलकरीण येते ती मानेपर्यंतच, डोकं पडद्याबाहेर, आणि दर वेळी येऊन दोन्ही हात वर करते. का, ते कळत नाही. शेवटी वरून एक बूट सूपच्या भांड्यात पडतो, सगळे पहिल्यांदाच वर बघतात आणि चित्रपट संपतो.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मध्यंतरातच निम्मे लोक घरी गेले. उरलेल्यांसमोर सर उभे राहिले. हे सर महाविद्यालयात साहित्य शिकवत असत आणि प्रत्येक चित्रपटानंतर त्याचं रसग्रहण करतात. माणूस प्रेमळ, पण एकदा बोलायला लागला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात.

"सूपमध्ये पडणारी ती भुकटी," सर म्हणाले, "म्हणजे काळ. आपल्या ताटात रोज थोडा थोडा पडणारा काळ. आणि ती मोलकरीण! तिला चेहरा नाही. कष्ट करणाऱ्याला हा समाज चेहराच देत नाही. ती हात वर करते, न्याय मागते, आणि टेबलावरची माणसं मीठ मागतात. शेवटी ती वर बघतात. कुणाकडे? रिकाम्या आकाशाकडे."

"आकाश कसं? घरात बसलेत ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तेच तर," सर म्हणाले.

काय बोलणार! भुकटी म्हणजे काळ म्हणे. भुकटी म्हणजे चुना, आणि चुना कुठून पडतो? मला वरचं दिसलं नव्हतं, पण वर काहीतरी होतं एवढं मी पैजेवर सांगितलं असतं. चौकटीबाहेर काय राहतं हे मला नाही कळणार तर कुणाला?

अध्यक्ष जिना चढून केबिनमध्ये आले. "चित्रपट थोर होता," ते म्हणाले, "पण लोक झोपले गं. मीही जरा डुलकी घेतली. उद्याचा खेळ कर, मग खुर्च्यांचं बघू." ते गेल्यावर भाचीने फितीचं रीळ एवढ्या जोरात टेबलावर ठेवलं की मी फटीत हलले. मग तिने भावाला फोन लावला.

"दादा, तुला नेमकं हसू कशाचं आलं होतं?"

पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "पायाचं! आणखी कशाचं?"

"कुठला पाय?"

"अगं छतातला! तू चित्रपट बघितलास की नाही?"

"बघितला. पाय नव्हता."

"मग तू दुसराच कुठला तरी बघितलास."

"हिरवी खोली, दोन बहिणी, सूप?"

"हो!"

"पाय नव्हता, दादा."

"वेडी आहेस का? सगळा चित्रपट म्हणजे तो पाय आहे."

तिने फोन ठेवला आणि रविवारी सकाळीच पुन्हा आली. फितीचा एक तुकडा खिडकीतल्या उजेडासमोर, म्हणजे माझ्या अगदी शेजारी धरला आणि प्रयोगशाळेतून आणलेलं बहिर्गोल भिंग त्यावर टेकवलं. ते हळूहळू वरच्या कडेकडे सरकवलं. मग म्हणाली, "अय्या!"

फितीवर होता पाय. हिरव्या खोलीच्या छताला भगदाड, आणि त्यातून खाली लोंबणारा गुडघ्यापर्यंतचा एक पाय, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा मोजा घातलेला. वरच्या खोलीतला पाहुणा कुजक्या फळ्यांतून खाली आला होता आणि तिथेच अडकला होता. खाली सगळे जेवत होते. भुकटी छताची होती. छत्री भुकटीसाठी होती. आणि मोलकरणीला डोकं होतं, चांगलं गोल गरगरीत, आणि ती हात वर करून काय करत होती माहीत आहे? पिसांच्या झाडणीने पायावरची धूळ झटकत होती.

भाची धावत मामांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. मामा कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबून, गुडघ्याला शिव्या देत वर आले. तिने दाखवलेला तुकडा त्यांनी बघितला आणि पाय बाजूलाच राहिला, त्यांना दिसली ती चौकट.

"अगं, हा उंच चित्रपट आहे! याला ती दुसरी प्लेट लागते!"

"कुठली दुसरी प्लेट?"

"खणातली."

"खणात प्लेट नाही, मामा. खणात खिळे आहेत."

"मग चोरली कुणीतरी!" मामा गरजले. "मी माझ्या हातांनी घासलेली प्लेट! तो रंगवाला आला होता ना मागच्या वर्षी? मला तेव्हाच त्याच्या नजरेत काहीतरी दिसलं होतं."

"रंगवाला प्लेट घेऊन काय करील?"

"लोकांचं काही सांगता येत नाही!"

मित्रांनो, हे सगळं बोलताना मामा खिडकीला टेकून उभे होते. त्यांचं कोपर माझ्यापासून वीतभर अंतरावर. त्यांनी कपाट उपसलं, फडक्यातून माझ्या जोडीचं भिंग काढलं, त्याला हळुवारपणे पुसलं (त्याला!), आणि मला मात्र चोराच्या घरी पोहोचवून मोकळे झाले. भाचीने खण पालथा केला, टेबलाखाली पाहिलं, यंत्राखाली हात घातला. दुपार झाली. उन्हाची तिरीप काचेतून माझ्यावर पडली.

आणि तेव्हा मी माझं काम केलं. मला दुसरं काही येतच नाही. माझ्यावर उजेड पडला, मी बाजूचा झाकला आणि मधला जाऊ दिला. समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली आणि सावलीच्या मधोमध उजेडाचा एक छोटा चौकोन.

भाची जमिनीवर बसलेली होती. तिची नजर भिंतीकडे गेली. "मामा," ती सावकाश म्हणाली, "काच तर सबंध आहे. मग सावलीतला हा चौकोन कशाचा?" तिने हात मध्ये धरला, पुढे मागे केला, सावलीचा माग काढत काढत खिडकीपर्यंत आली आणि मला बोटांनी उपटलं. मागे खिडकी खडखडली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग छताकडे.

"रंगवाल्याने इथे लपवली होती तर," ते म्हणाले.

"मामा."

"बरं, बरं. अध्यक्षांच्या डोक्याला त्रास होत होता म्हणून मीच... जाऊ दे ना आता!"

भाचीने मला पुसलं, उजेडात धरलं, आणि झालं! म्हणालीच ती. "ही वाकडी कापलीय, मामा." पण मग थांबली. झरोक्यातून पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, हवेत बोटाने एक तिरकी रेघ काढली. "थांबा. केबिन उंच आणि बाजूला. उजेड तिरका. म्हणजे ही उलट वाकडी... तुम्ही हे हाताने घासलंत?" मामा नुसते खाकरले. ती मला कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत राहिली. इतक्या वर्षांत कुणी मला असं बघितलं नव्हतं. माझा अर्धा राग तिथेच उतरला. अर्धा शिल्लक ठेवला, लागतो.

सरांना आणि अध्यक्षांना तिने खेळाआधीच सगळं सांगितलं. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, वर थोडी जागा दिग्दर्शक कापण्यासाठीच सोडतात. जे दिसलं तेच खरं." तिने फितीचा तुकडा आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. सरांनी बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग म्हणाले, "हा पाय प्रतीकात्मक आहे."

"सर, त्याला मोजा आहे."

"मोजाही प्रतीकात्मक आहे."

रविवारची संध्याकाळ. हॉल अर्धाच भरलेला, कारण शनिवारी आलेल्यांनी गावभर सांगितलं होतं की जाऊ नका. मामांनी पडद्याच्या बाजूचे काळे पडदे आत ओढून घेतले, भाचीने भिंग बदललं आणि मला यंत्रात सरकवलं. दिवा लागला. मी तापायला लागले. किती वर्षांनी!

आता मी पुन्हा जागेवर, म्हणजे चित्रपट पुन्हा उलटा. माझ्यापुढे तो पाय छतातून लोंबत नव्हता, जमिनीतून एखाद्या पट्टेरी झाडासारखा उगवलेला होता आणि त्याच्या वर, हिरव्या आभाळाला टांगून घेऊन, माणसं सूप पीत होती. त्यामुळे पडद्यावर काय दिसतंय हे मी कानांनी बघितलं. पहिली भुकटी पडली. कुणीतरी फिस्स केलं. मोठी बहीण म्हणाली, "आज हवा छान आहे, नाही?" आणि पाय हलला. दोघं-तिघं हसले. मोलकरीण आत आली, चेहऱ्यासकट, आणि तिने सवयीने, इकडेतिकडे न बघता, अंगठ्यापासून टाचेपर्यंत पाय झटकला. मग जो हशा उसळला तो जिन्याने खाली वाचनालयात गेला असावा, कारण खालून दोन माणसं "काय झालं?" म्हणत वर आली आणि मागे उभी राहून बघू लागली.

पुढे त्या पायाचं हलणं थांबतं. चित्रपटातली धाकटी बहीण उठते, घोट्याला काळी फीत बांधते आणि डोळे पुसते. मोठी विचारते, "सूप कोण घेणार?" लोक हसले आणि हसता हसता एकदम थबकले, आपण कशाला हसतोय हे कळून. मग आणखी जोराने हसले. काही दिवसांनी बहिणी त्याच घोट्याला दिवा टांगतात, उजेड कमी पडतो म्हणून. तेव्हा पुढच्या रांगेतून एक चिरका, दम लागलेला आवाज यायला लागला. ते सर होते. शेजारच्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. "मी म्हटलं होतं ना," सर डोळे पुसत म्हणाले, "हात वर करून ती काहीतरी करतेय!"

आणि मामा? ते झरोक्यापाशी उभे होते, नेहमीसारखे कडा बघत. "डावी ठीक. उजवी ठीक. वरची..." वरच्या कडेला पाय होता.

"हे काय आहे?" मामांनी विचारलं.

"पाय आहे, मामा. बघा ना, त्याच्याकडेच बघायचंय."

मामा बघत राहिले. वरच्या कडेवरून त्यांनी नजर हलवली नाही. जन्मभर ज्या कडांवर त्यांनी डोळे रोखले, त्यांपैकी एका कडेवर या चित्रपटाची सगळी गंमत मांडून ठेवलेली होती. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्यांनी झरोक्याच्या भिंतीला हात टेकला. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की भाची यंत्र सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी बूट सूपमध्ये पडतो, सगळे वर बघतात, आणि छताला आणखी एक भगदाड असतं: त्याच खोलीत आलेल्या नव्या पाहुण्याचा पाय, हा निळ्या मोज्याचा. मामांना हुंदके यायला लागले. "दुसरा!" एवढंच ते म्हणत होते. "अगं, दुसरा!"

दिवे लागले. अध्यक्ष जिना चढून आले. मागे खिडकी खडखडत होती, खेळभर खडखडली होती आणि ती त्यांच्या डोक्यात गेली असणार या भीतीने मी यंत्रात गरम असूनही गार पडले.

"फितीची पेटी परत कधी पाठवायचीय?" त्यांनी विचारलं.

"उद्या," भाची म्हणाली.

"परवा पाठव. आमच्या घरचं कुणी आलं नव्हतं. मी घरी जाऊन काय सांगू, पाय होता म्हणून? त्यांना दाखवायलाच हवं." मग केबिनभर नजर फिरवून म्हणाले, "आणि खुर्च्या जिन्याखाली बसतील. मोजून बघितलं मी." दारातून वळून त्यांनी जोडलं, "तेवढी ती खिडकी बघा हो, मामा."

मित्रांनो, आता माझी विनंती ऐका. एखादी गोष्ट तुम्हाला रटाळ वाटली, कुणाचं वागणं विचित्र वाटलं, कुणी उगाच हात वर करतंय असं वाटलं, तर तिचा अर्थ लावायच्या आधी एवढं बघा, की ती तुम्हाला पूर्ण दिसतेय का. कदाचित तुमच्या यंत्रात चुकीची प्लेट असेल. आणि ज्या लहानसहान वस्तूंवाचून मोठी कामं अडतात, त्यांना नावाची चिठ्ठी लावून एका ठरलेल्या खिळ्यावर टांगा. भिंगाला मखमल मिळते, मला निदान खिळा मिळू द्या. आणि माझ्याने बाटल्या उघडू नका. हे मी शेवटचं सांगतेय.

अध्यक्ष गेल्यावर मामांनी सवयीने खणात हात घातला, फटीत खुपसायला काहीतरी शोधायला. हाताला लागली ती माझी रुंद बहीण, नुकतीच यंत्रातून काढून ठेवलेली. मामा तिला घेऊन खिडकीपर्यंत गेले. मामांनी प्लेटकडे बघितलं, फटीकडे बघितलं, मग परत आले, भिंतीत एक खिळा ठोकला आणि तिला त्यावर टांगलं. मग शेजारी आणखी एक खिळा ठोकला.

"मामा, आणि खिडकी?" भाचीने विचारलं.

"खडखडू दे," मामा म्हणाले.